कोरड्या हातांची झिलई

माझ्या भावजयीचं कौतुक मी करणार आहे हे तिला कळलं, तर ती आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघेल. आमच्यात तशी पद्धत नाही. मी थोरली नणंद, ती धाकट्या भावाची बायको. एकमेकींना टोमणे मारत आम्ही इतकी वर्षं काढली आणि त्यात दोघींचं बरंच चाललं. पण खरं ते खरं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिच्याबद्दल पहिल्याच वर्षी म्हणाले होते. आजही तेच म्हणते, फक्त आता अभिमानाने म्हणते.

आमचं काम झिलईचं. दुधाच्या कारखान्यातले पाइप, दवाखान्यातले ट्रे, औषधांच्या टाक्यांची झाकणं, असं स्टेनलेस स्टीलचं सामान लोक आमच्याकडे आणून टाकतात. घासून आणलेली चकाकी वेगळी आणि आमची झिलई वेगळी. घासल्याने धातूवरचे उंचवटे नुसते दडपले जातात. आम्ही तो भाग द्रवात बुडवतो, त्यातून वीज सोडतो, आणि वरचा अगदी पातळ थर सुटून द्रवात उतरतो. उंचवटे आधी विरघळतात. लोखंड जास्त निघून जातं, क्रोमियम मागे राहतं, आणि त्या क्रोमियमची न दिसणारी कातडी वर धरते. ती गंजाला आत येऊ देत नाही. वडिलांनी मला हे बटाटा सोलताना समजावलं होतं. म्हणाले होते, "साल इतकी पातळ काढायची की बटाट्यालाही कळू नये."

कारखाना म्हणजे घराच्या मागे, पत्र्याखाली, एक लांबट शेड. मधोमध टाकी, टाकीत दोन ॲसिडांचं गरम मिश्रण. आणि त्या शेडमध्ये आमचं स्वतःचं काय गंजत नव्हतं ते विचारा. खिडकीचे गज, बिजागऱ्या, कात्री, वरच्या मजल्यावरच्या माझ्या शिवणयंत्राची सुई. जगाला न गंजणारं पोलाद द्यायचं आणि घराच्या दाराची कडी सारखी बदलत राहायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. टाकीवरून वाफ उठायची आणि दिसेल ते लोखंड चाटत सुटायची. माणसं काही लोखंडाची नसतात, पण त्यांनाही ती सोडत नव्हती. वडील खोकत खोकत गेले. मग टाकीपाशी भाऊ उभा राहिला, आणि चाळिशी ओलांडतो न ओलांडतो तोच त्यालाही तो खोकला लागला. रात्री भिंतीपलीकडून ऐकू यायचा. आवाज अगदी वडिलांचा.

ॲसिडाच्या घरात पाणी म्हणजे देव. प्रत्येक कोपऱ्यात पाण्याचा टब. हातमोजे काढण्याआधी पाणी, काढल्यावर पाणी. ज्या सांगाड्यावर भाग लटकवतात तो टाकीत सोडण्याआधी पाण्यातून काढायचा, बाहेर आल्यावर पुन्हा पाण्यातून काढायचा. "आधी पाणी, मग बोलणं," असं वडील म्हणायचे. आमच्याकडचे सगळ्यात जुने कामगार म्हणजे मामा. एकदा त्यांच्या डोळ्यात ॲसिड उडालं. भाऊ तेव्हा कॉलेजात होता, शेडमध्ये सहज आला होता. त्याने मामांची मान धरली आणि त्यांचं डोकं टबात बुडवलं, बाहेर काढलं, पुन्हा बुडवलं. मामा नंतर म्हणायचे की ॲसिडाने मेलो नसतो, पण याने बुडवून मारलं असतं. डोळा मात्र वाचला. त्या दिवसापासून पाण्याबद्दल त्या शेडमध्ये कुणी शंका काढली नाही.

भावजय आली ती रसायनशास्त्र अर्धवट सोडून. तिला गप्प बसता येत नाही, हा तिचा मुख्य गुण. शेडमध्ये तिला कुणी बोलावलं नव्हतं. चहाचे कप घेऊन आली आणि कप परत न्यायला विसरली ती कायमची. तयार माल ती इतरांसारखा उजेडाकडे धरून तपासत नाही, त्यात स्वतःचं तोंड बघते. भिवईतला पांढरा केस दिसला की म्हणते, "झालं, बांधा." माल आला की बुडवण्याआधीही फडक्याने पुसून पुसून त्यात तोंड बघायचं, झाल्यावर पुन्हा बघायचं. आसपासच्या कारखान्यांत तिचं नावच झिलईवाली पडलं. बांधणीचं काम माझ्याकडे, त्यामुळे आमची रोज जुंपायची.

"अगं, हातच्या कांकणाला आरसा कशाला?" मी म्हणायचे.

"वन्सं, आपला धंदाच आरशाचा आहे," ती म्हणायची आणि पुन्हा तोंड बघायची.

मग एक दिवस डॉक्टरांनी भावाच्या छातीचा फोटो उजेडावर धरला आणि त्याच्याशी न बोलता तिच्याशी बोलले. जे गेलं ते परत येणार नाही, म्हणाले. पण ही वाफ अशीच घेत राहिला तर जिना चढायलाही नाकात नळी लागेल. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तेव्हाच मी ओळखलं की आता काहीतरी होणार.

भावाचं म्हणणं एकच होतं. पंखा लावलाय, मास्क आहे. मास्क होता हे खरं, पण तो कायम गळ्यात असायचा. "ॲसिडाशिवाय झिलई येत नाही," तो म्हणायचा. "आली तरी तो नुसता मेकअप." तिने समजावलं, मी समजावलं, मामांनी सुद्धा एकदा धीर करून समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

ती मग यंत्रांच्या एका प्रदर्शनाला गेली. तिथे एका प्रयोगशाळेतल्या बाई काचेच्या भांड्यात चमच्यांना झिलई करून दाखवत होत्या, ॲसिडाशिवाय. ही त्यांच्यासमोरून हललीच नाही. बाईंची जेवायची वेळ झाली तर ही स्वतःचा डबा उघडून त्यांच्या शेजारी बसली. बाई मनाने मोठ्या. त्यांनी सगळं सांगितलं, वर फोन नंबर दिला. त्या द्रवात दोनच गोष्टी होत्या. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात ते कोलीन नावाचं पांढरं मीठ, आणि गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते ग्लायकोल. ग्लायकोल पोटात गेलं तर विष, ते सरबत नव्हे, हे बाईंनी बजावलं. पण वाफेने छाती जळत नाही, हात भाजत नाहीत, गटारात ॲसिड जात नाही. द्रव धातूने गच्च भरला तरी टाकून द्यायचा नाही. त्यात पाणी घालायचं म्हणजे धातूचा गाळ तळाशी बसतो, तो गाळून काढायचा, मग तापवून पाणी उडवून लावायचं. द्रव पुन्हा कामाला तयार.

शेडच्या कोपऱ्यात तिने लहान टाकी मांडली. पांढरी भुकटी आणि दाटसर ग्लायकोल कोमट करून ढवळत राहिली. बघता बघता भुकटी दिसेनाशी झाली आणि नितळ द्रव तयार झाला. भाऊ लांबून बघत होता.

"कोंबड्यांचा खुराक आणि रेडिएटरचं पाणी," तो म्हणाला. "उद्या यात अंडीही उकडून घेऊ."

"तुम्हाला हाफ फ्राय लागतं ना," ती म्हणाली आणि ढवळत राहिली.

तिने पहिल्यांदा काढले ते सुटे नग इतके सुरेख निघाले की मी ते बांधायला घेतले तेव्हा कागदाआधी माझंच तोंड दिसलं, आणि ते मला आवडलं नाही. भावाने नग हातात फिरवले, खाली ठेवले.  पण दुधाच्या कारखान्याकडून पाइपच्या बेंडांची, म्हणजे वाकवलेल्या तुकड्यांची, मोठी ऑर्डर आली तेव्हा त्यानेच विषय काढला. ते लोक नमुना आपल्या मिठाच्या पेटीत ठेवतात. त्या पेटीत खारट पाण्याचं धुकं सोडतात आणि स्टीलवर गंज धरतो का ते बघतात.

"ही ऑर्डर तुझ्या टाकीतून काढू," भाऊ म्हणाला. "पेटीत एक जरी डाग पडला तर ती टाकी उचलायची, आणि माझ्यासमोर पुन्हा कोंबडीचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही पडला तर ॲसिड जाईल. कायमचं."

"जाईल."

पैज बेंडांवर लागली असं दिसत होतं. खरी लागली होती त्याच्या छातीवर. ती हरली असती तर तो पुन्हा त्या वाफेत उभा राहिला असता, आणि शब्द देऊन बसल्यामुळे तिला तोंड उघडता आलं नसतं. गप्प राहून त्याचा खोकला ऐकत बसायचं, ही शिक्षा तिच्यासारखीला किती मोठी ते मला माहीत होतं. मी टोमणे मारायचे थांबवले. तिला तेही खटकलं.

आता काम मोठं, म्हणून भाऊ आणि मामा टाकीपाशी उभे राहिले. दिलेला शब्द पाळायचा म्हणून भावाने जीव लावून काम केलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. सुरुवातीचे बेंड चांगले निघाले. मग कडा मंद दिसायला लागल्या. मग सगळ्या अंगावरच दुधी झाक आली, आणि शेवटी तर बारीक टोचल्यासारखे खड्डे. भावजयीने तारा बदलल्या, विजेचा दाब पुन्हा पुन्हा मोजला, टाकीची ऊब तपासली, प्रयोगशाळेतल्या बाईंना इतके फोन केले की त्या फोन उचलल्यावर आधी "आता काय?" म्हणायला लागल्या. काही सापडेना. तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. भाऊ तिला काही लागेल असं बोलला नाही. नमुना पाठवायचा दिवस जवळ आला तसं त्याने एका सकाळी फक्त मोठ्या टाकीचा हीटर चालू केला. ॲसिड तापायला लागलं, आणि तो ओळखीचा वास शेडभर पसरला.

मी बांधणीच्या टेबलापाशी होते. ती लहान टाकीशेजारी स्टुलावर बसली होती, हात मांडीवर ठेवून, टाकीच्या आत बघत. हरलेलं माणूस बसतं तशी. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी दोऱ्याची गाठ मारत राहिले.

"वन्सं," ती म्हणाली, "हा गाळ कुठून आला?"

मी जाऊन बघितलं. टाकीच्या तळाशी हिरवट चिखलासारखं काहीतरी बसलं होतं.

"धातू उतरला असेल."

"नाही. पाणी घातल्याशिवाय तो खाली बसत नाही. बाईंनी सांगितलं होतं. आपण कुठे पाणी घातलं?"

आणि मग ती काहीच न करता फक्त बघत बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं आमचं. मोठी टाकी तापेपर्यंत लहान टाकीवरचं काम चालूच होतं. मामांनी साबणाने धुतलेले बेंड सांगाड्यावर अडकवले. सांगाडा भावाकडे दिला. भावाने तो टबात बुडवला, वडील बुडवायचे तसाच, आणि निथळायची वाटही न बघता लहान टाकीत सोडला. मग कोपरापर्यंत ओले हात टाकीवरून नेत तार जोडली. थेंब टपटपत होते. आयुष्यभर तो हेच करत आला होता. हे त्याला दिसतच नव्हतं, आम्हालाही दिसत नव्हतं. ती एकटीने नग काढायची तेव्हा आरशात तोंड बघायच्या हौसेने आधी ते कोरडे करायची, म्हणून तिचे चांगले निघत होते. दोष द्रवाचा नव्हताच. आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

ती उठली आणि पाण्याचा टब ओढत भिंतीकडे न्यायला लागली.

"टब कुठे नेतेस?" भावाचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"या टाकीला पाणी नको आहे. आपणच त्यात पाणी घालत होतो, अहो. ओले सांगाडे, ओले हात. वीज बंद करा, मी दाखवते."

"टब जागेवर ठेव. मामांचा डोळा या टबाने वाचवलाय."

"तो ॲसिडाचा टब. इथे ॲसिड नाही."

"उद्या कुणाचा हात गेला तर मी कुणाला तोंड दाखवू? आधी पाणी. या शेडमध्ये आधी पाणी."

बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो टाकीची कड धरून वाकला. मामांनी वीज बंद केली. तिने त्याच्याकडे बघितलं, बाही वर सारली आणि उघडा हात त्या लहान टाकीत घातला. मनगटापर्यंत. आणि तसाच ठेवला.

भावाने काय केलं ते सांगते. खोकत होता तसाच तो झेपावला, तिचं मनगट धरून तिला ओढत टबापाशी नेलं, आणि तिचा हात पाण्यात कोंबला. धरून ठेवला.   त्या वेळी मला कळलं की या माणसाने पाण्याशिवाय दुसऱ्या कशावरच विश्वास ठेवला नव्हता, कारण दुसऱ्या कशानेच त्याच्या डोळ्यांदेखत कुणाला वाचवलं नव्हतं.

"सोडा," ती हळूच म्हणाली. "बघा तरी."

त्याने हात बाहेर काढला. उलटा केला, सुलटा केला. बोटं एकेक करून पाहिली. कुठे लाली नाही, फोड नाही. कामाने रापलेला तिचा नेहमीचा हात होता.

"जळत नाही?" त्याने विचारलं.

"कोमट लागतं. चिकट लागतं. बस."

असं करायचं नसतं, हातमोजे घालायचे असतात, म्हणून प्रयोगशाळेतल्या बाईंनी नंतर तिला फोनवर चांगलं फैलावर घेतलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या सकाळी दुसरं काही चाललं नसतं. भाऊ बराच वेळ तसाच तिचा हात धरून बसला. मग उठला आणि त्याने ॲसिडाच्या टाकीचा हीटर बंद केला.

दिवसभर मग सगळे एकाच कामाला लागले. द्रव कापडातून गाळला, गाळ वेगळ्या डब्यात भरून झाकण लावलं, टाकी चांगली तापवून पाणी उडवलं. खराब झालेले बेंड पुन्हा धुतले आणि पुसले, पण वाकणांच्या आतलं पाणी काही निघेना. भावजयीने माझ्याकडे नजर टाकली. तिला काय हवंय ते मला कळलं, आणि मी नाही म्हणाले. मग वर गेले आणि माझा हेअर ड्रायर घेऊन आले. मामा त्या वयात, तोंड गंभीर करून, एकेका बेंडाचे केस वाळवत बसले. टाकीच्या वर भावजयीने खडूने मोठ्या अक्षरात "कोरडं" असं लिहिलं. भावाने ते वाचलं, खिशातून रुमाल काढला आणि हात पुसले. मग पुन्हा पुसले.

नमुना वेळेवर गेला. मिठाच्या पेटीतून तो बाहेर येईपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. भावजय बोलत होती, पण वाक्य अर्ध्यात सोडून देत होती. दुधाच्या कारखान्याचा तपासनीस स्वतः आला. कापडात गुंडाळलेले दोन बेंड त्याने टेबलावर ठेवले, एक आमचा पूर्वीचा ॲसिडातला, एक नवा.

"पूर्वीचाही पास होतो," तो म्हणाला. "फक्त जोडाच्या रेघेवर कधीकधी चहाचा डाग पडल्यासारखं दिसतं. तुम्हाला माहीतच आहे."

भावाला माहीत होतं. त्याने भिंग घेतलं आणि नव्या बेंडाचा जोड बघायला लागला. सगळीकडून बघितला. खिडकीपाशी नेऊन बघितला.  शेवटी त्याने भिंग बाजूला ठेवलं आणि बेंडात बघत, तिच्यासारखीच, भिवई वर केली.

"माझे बरेच पांढरे झालेत," तो म्हणाला.

झालं, बांधा, असं कुणीच म्हणालं नाही, पण मी बांधायला घेतलं. माझे डोळे भरून आले होते आणि गाठ दिसत नव्हती.

ॲसिड न्यायला ज्यांचं ते काम आहे ती माणसं जाड सूट घालून आली आणि पिंपं भरून घेऊन गेली. मोठ्या टाकीतही आता तोच कोंबडीचा द्रव असतो. डॉक्टर म्हणाले तसं गेलेलं परत आलं नाही, भाऊ जिन्यात अजूनही मध्ये एकदा थांबतो, पण त्याहून वाईट काही झालं नाही. खिडकीला नवे गज बसवले त्याला आता बराच काळ लोटला आणि ते अजून काळे कुळकुळीत आहेत. मी जाता येता त्यावरून बोट फिरवून बघते.

परवाची गोष्ट. दुपारी टाकीवर वाकून भावजय तार जोडत होती. द्रवाची ऊब चेहऱ्यावर येते, तिच्या कपाळावर घाम होता. हात कामात, सोडता येईना. भाऊ पलीकडून आला. सगळ्यांसमोर त्याने बायकोचा हात धरल्याचं मला एकदाच आठवत होतं, तो टबात कोंबला तेव्हाचं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिचं कपाळ टिपलं, मग नाकाचा शेंडा, मग हनुवटी, सावकाश, एखादा बेंड पुसावा तसं.

"थेंब पडला असता टाकीत," तो मामांना म्हणाला.

मामांनी मान डोलावली. तार केव्हाच जोडून झाली होती. ती तशीच वाकून उभी राहिली आणि तिने मान जराशी वळवली, कानामागचं पुसायचं राहिलं होतं म्हणून.